आवाज पोटातून येऊ दे!

कराटे शिकते म्हटलं की लोक आधी माझ्या हाताकडे बघतात. ‘विटा फोडता का हो?’ हा ठरलेला प्रश्न. विटा आम्ही फोडत नाही. दुसरा ठरलेला विनोद म्हणजे ‘आता साहेबांचं काही खरं नाही!’ दीड वर्षात तो इतक्यांदा ऐकला की ह्यांनीसुद्धा त्यावर हसणं सोडलंय. पण मैत्रिणींनो, हातपाय वळवणं त्या मानानं सोपं. पस्तिशीतल्या दोन मुलांच्या आईलाही ते जमतं. जड जातं ते ओरडणं!

मी आधी मुलीला क्लासला सोडायला जायची. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते सात, एका शाळेचा हॉल. आम्ही सात-आठ आया बाकावर बसलेल्या. कुणी मेथी निवडतेय, मी चाचणीचे पेपर तपासतेय. एक दिवस सरच म्हणाले, “बसून काय करता? मागच्या रांगेत उभ्या राहा.” चौघी उठलो. बाकीच्यांची मेथी संपायची होती.

पहिल्या दिवशी जपानी आकडे शिकलो. इची, नी, सान आणि चौथा ‘शी’! चौघींनी तो अगदी मनापासून, नाक मुरडून म्हटला आणि मग हसू आवरेना. दहाव्या ठोशाला मात्र मोठ्यानं आरोळी द्यायची. तिला ‘किआई’ म्हणतात. पोरं छप्पर उडवत होती. आमच्या तोंडून नुसता वारा.

कसा येणार आवाज? जन्मभर ‘हळू बोल’, ‘खिदळू नको’, ‘पाहुणे बसलेत बाहेर’ हेच ऐकलेलं. वर्गात चाळीस मुलांवर मी ओरडते की. पण तो घशातला चिडका आवाज, तासाभरात बसतो. सरांनी समजावलं, किआई नुसती भीती घालायला नसते. ठोसा पोचतो त्याच क्षणी श्वास जोरात बाहेर टाकायचा, म्हणजे पोटाचे स्नायू आवळतात, धड घट्ट होतं आणि सगळ्या अंगाचं बळ मुठीत उतरतं. भरलेला हंडा उचलताना तोंडून आपोआप ‘हुं’ निघतो ना, तीच जात. घरी मी कुकरच्या शिट्टीबरोबर सराव करायची. तरी सासूबाई दोनदा पोळपाट टाकून धावत आल्या. मला नीट किआई यायला तीन महिने लागले.

आता ज्यांच्या मनात क्लासला जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मूठ वळताना अंगठा आत कोंडू नका, मोडेल. तो बाहेरून पहिल्या दोन बोटांवर आडवा हवा आणि मनगट सरळ. जेवण आणि सराव यांत दोन तास तरी ठेवा. नखं कापलेली हवीत, बांगड्या काढलेल्या. मंगळसूत्राचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. सरावात ते ओढलं गेलं तर आपल्याच गळ्याला काचतं. सासूबाईंना हे पटेना, म्हणून मी जरा ओढून दाखवलं. “बरं बरं, मग डबी देवापाशी ठेवून जात जा,” म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही चौघींनी एकमेकींना सांगायला दोन महिने घेतले. उडी मारताना किंवा जोरात किआई देताना थेंबभर लघवी होते. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे हे पुष्कळ जणींना होतं. त्यावर व्यायाम आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. लाजून क्लास मात्र सोडू नका.

गणवेश पांढरा, सुती. पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून एक माप मोठा घ्यावा, आणि हळदीच्या हातानं घडी घालू नये! सासूबाईंची अट एवढीच, की ती विजार पुढच्या दोरीवर वाळत घालायची नाही. मागच्या दोरीवर ऊनही चांगलं येतं. मी वाद घातला नाही. पट्ट्यांच्या परीक्षांना पैसे पडतात, ते आधी विचारून घ्या. जिथं दर दोन महिन्यांनी प्रसादासारखा नवा पट्टा वाटतात, तिथं शिकणं कमीच होतं असं माझं मत.

गेल्या जूनमध्ये सांगलीहून कोल्हापूरला एसटीनं निघाले होते. गर्दी, उभ्यानं प्रवास. मागच्या माणसाचा हात कमरेला लागला. पहिल्यांदा वाटलं, धक्का असेल. दुसऱ्यांदा तसं वाटायला जागा राहिली नाही. लाथ नाही, ठोसा नाही; “हात काढा!” एवढंच म्हटलं. पण ते पोटातून आलं. चालकानं आरशात पाहिलं, कंडक्टर उठून आला, आणि तो गृहस्थ पुढच्या थांब्याला उतरून गेला. मग शेजारी उभी असलेली कॉलेजातली मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “काकू, मघाशी माझ्याशीपण असंच करत होता.” कोल्हापूर येईपर्यंत तिनं माझ्या पिशवीचा बंद धरून ठेवला होता. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मारलं नाहीत ते उत्तम. आधी आवाज, मग पळ, हात सगळ्यात शेवटी.”

आम्ही शिकतो तो शोतोकान प्रकार. तो घडवणारे गिचिन फुनाकोशी हे ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. 1922 साली टोकियोत त्यांनी कराटेचं प्रात्यक्षिक केलं आणि तिथून ही विद्या जपानभर गेली. मास्तर म्हणून मला त्यांच्याबद्दल आपुलकी आहेच, पण जास्त आवडल्या त्यांच्या पत्नी. फुनाकोशींनी आत्मचरित्रात लिहिलंय, की दिवसभराच्या कामानं थकल्या की त्या आडव्या व्हायच्या नाहीत. बाहेर जाऊन कराटेचे काता करायच्या. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. पूर्वी मला हे वाचून हसू आलं असतं. आता शाळा, स्वयंपाक, अभ्यास आटोपून रात्री गच्चीवर गेले की कळतं. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कामासाठी हललेलं अंग तेवढी वीस मिनिटं आपल्यासाठी हलतं.

पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे. ‘हेआन शोदान’ नावाचा काता करायचा आहे. एकवीस हालचाली, त्यात दोनदा किआई. रात्री गच्चीवर ओरडता येत नाही, म्हणून नळ यायच्या आधी पहाटे साडेपाचला उठून करते. परवा सासूबाईंनी विचारलं, “दोनदाच ना ओरडायचं?” म्हटलं, “दोनदाच.” “मग सहानंतर कर. पलीकडचे आजोबा तोवर उठलेले असतात.”