बारा पंचकोन

२६ नोव्हेंबर २०२५, जळगाव
बारावीच्या मुलींना एचआयव्हीचा गाभा पुठ्ठ्यातून करून दाखवायचा आहे. दुपारभर षटकोन कापले, चिकटवले. झाली नुसती चटई. कितीही वाकवली तरी मिटेना. मध्ये एक पंचकोन बसवला तेव्हा कुठे पुठ्ठा वाटीसारखा उचलला. विषाणूचंही तसंच. गाभ्याचं कवच कॅप्सिड नावाच्या प्रोटीनचं: त्याचे सहा रेणू मिळून षटकोन, पाच मिळून पंचकोन. षटकोन दोनशे-अडीचशे, कमीजास्त चालतात. पंचकोन मात्र बाराच: सात रुंद टोकाला, पाच निमुळत्या. फुटबॉलवरही बाराच असतात.

२८ नोव्हेंबर
"सर, पण हे जोडतं कोण?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला. फार चांगला प्रश्न. जोडणारा कुणीच नाही. गॅग नावाची लांब प्रोटीनं पेशीच्या पटलाला आतून चिकटतात, एकमेकांना धरतात आणि पटलाचा फुगवटा घेऊन बाहेर पडतात. तेव्हा विषाणू कच्चा असतो, त्याने लागण होत नाही. मग प्रोटीएज हे विकर गॅगचे तुकडे करतं. सुटे झालेले कॅप्सिड रेणू नव्याने जुळतात आणि आरएनएभोवती शंकू तयार होतो. सगळे रेणू त्यात लागतही नाहीत. बरेचसे सुटेच राहतात. तास संपल्याची घंटा आज कुणाला ऐकू आली नाही.

३० नोव्हेंबर, धुळे
ताईकडे भरीत आणि कळण्याची भाकरी. जेवताना सांगितलं, या जुळणीला आयपी-६ नावाचा छोटा रेणू मदत करतो, हे २०१८ मध्ये उलगडलं. तेच फायटिक आम्ल, ज्वारी-उडदाच्या दाण्यातलं. भाच्याचा घास हातातच राहिला. "मामा, मग भाकरी नको खायला?" खा रे बाबा! आपल्या पेशी तो रेणू स्वतःच बनवतात, विषाणू तिथलाच उचलतो. षटकोनाच्या मधल्या छिद्राशी धनभार एकमेकांना ढकलत असतात. ऋणभारित आयपी-६ तिथे बसून त्यांना शांत करतो.

१ डिसेंबर, जळगाव
एड्स दिन. पुठ्ठ्याचा शंकू वर्गात ठेवला. लेनाकापाविर हे एचआयव्हीवरचं औषध शेजारच्या दोन कॅप्सिड रेणूंमधल्या खाचेत बसतं आणि जुळणी बिघडवतं. सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. जेनेरिकचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे. ते आपल्या जिल्ह्यापर्यंत लवकर यायला हवं.
मुलींना शेवटी एवढंच सांगितलं: घरी, शेजारी बोला. एचआयव्हीची तपासणी आणि एआरटीच्या, म्हणजे उपचाराच्या, गोळ्या सरकारी केंद्रात आजही मोफत मिळतात.