लोखंडाआधी बाराखडी

प्रिय सुमे,

नातवाला क्यूच्या झेवियर कॉलेजात घातलंत, छान झालं. फीचा आकडा तू लिहिला नाहीस, म्हणजे तो पत्रात मावणारा नसणार! पण ते कॉलेज चालवणाऱ्या तुझ्या ऑस्ट्रेलियन जेझुइट पाद्र्यांशी आमचंही नातं आहे बरं का. ही मंडळी १९५१ मध्ये हजारीबागला आली. तिकडच्याच जेझुइटांच्या शाळेत, बोकारोच्या सेंट झेवियर्समध्ये, माझी पुतणी शिकली. भाऊजी पोलाद कारखान्यात होते ना.

या गावाची गंमत ऐक. कारखान्यासाठी पैसे अमेरिका देणार होती. पण कारखाना सरकारी मालकीचा म्हटल्यावर तिथल्या लोकप्रतिनिधींनी नाकं मुरडली आणि १९६३ मध्ये नेहरूंनी मागणीच मागे घेतली. मग रशिया धावून आला. म्हणजे देव न मानणाऱ्यांनी भट्ट्या उभारायच्या आणि त्या भट्ट्यांवरच्या कामगारांची पोरं पाद्र्यांनी शिकवायची! त्यातही पाद्रीच पुढे. शाळा १९६६ ची, पहिली झोतभट्टी सुरू झाली २ ऑक्टोबर १९७२ ला.

मुलगे-मुली एकाच वर्गात, हेही मला नवलच वाटतं. जेझुइटांनी सिसिलीत पहिली शाळा काढली १५४८ मध्ये. तेव्हापासून त्यांचा हात बसलेला मुलग्यांच्या शाळांवर. बोकारोत तत्त्वापेक्षा सोय जिंकली असावी, असा माझा कयास. गाव नुकतं वसतंय, बाप रात्रपाळी करून आडवा झालेला. भावाला एका शाळेत आणि बहिणीला दुसरीकडे पोचवणार कोण? पुतणी सांगते, नव्या मुलाला आडनाव नंतर विचारायचे, आधी ‘सेक्टर कोणता?’ तेवढ्यावरून क्वार्टर केवढं नि बाप कोणत्या हुद्द्यावर, सगळा हिशेब लागायचा. आडनावाची जागा सेक्टरने घेतली, इतकंच. तरी बाक एकच होता, हे मी मोठं मानते.

एक मात्र खटकतं. माराफारी भागातल्या ज्या गावांच्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं, तिथले विस्थापित नोकऱ्यांसाठी अजून आंदोलनं करतात. कामगारांची शाळा म्हणताना त्यांची पोरं, ठेकेदाराच्या मजुरांची पोरं धरायची की नाही? भाऊजींना विचारलं, तर ते लगेच रशियन इंजिनियरांच्या गोष्टींवर घसरतात. त्या मात्र झकास असतात. पुढच्या पत्रात लिहीन.

तुझी,
ललिता