बसलेला हात

आमच्या वहिनींचा डावा स्तन कर्करोगामुळे काढावा लागला, त्यास आता चार वर्षे होतील. शस्त्रक्रिया नगरासच झाली, रोग हटला आणि घरातील वडील मंडळींनी देवापुढे साखर ठेवली. परंतु काढलेल्या अवयवाच्या जागी नवा उभारता येतो, हे ना डॉक्टरांनी सांगितले, ना आम्ही विचारले. असला विषय चारचौघांत काढावयाचा नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. वहिनी चोळीत कापसाची घडी ठेवीत आणि ती सरकेल या धास्तीने पंगतीत वाढावयास उठत नसत, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

यंदा त्यांनी आपण होऊन विषय काढला. इतक्या वर्षांनंतरही ही रचना होऊ शकते असे कळले. प्रश्न उरला तो, कोणाच्या हातून?

ही विद्या आपल्या प्रांतास परकी नव्हे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानास पुण्याकडील एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविले; ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. कातडीचा देठ त्याने राखला, म्हणून तीत रक्त खेळत राहिले. पाठीचा स्नायू देठासकट छातीवर वळविण्याची आजची रीत याच तत्त्वावर चालते. पोटाची त्वचा व चरबी अजिबात सोडवून छातीवर लावावयाची, तर मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने जोडाव्या लागतात. सांधा तुंबला आणि काही तासांत मोकळा झाला नाही, तर सारे कलम मरते. म्हणून रात्रभर त्याचा रंग व ऊब पाहणारी परिचारिकाही तयारीची हवी. हा हात पुस्तके वाचून बसत नाही. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग १९५८ साली निघाला. आज शल्यविद्येच्या पदवीनंतर सामान्यतः आणखी तीन वर्षे शिकावे लागते, आणि सूक्ष्म जोडणीचा सराव त्याहून निराळाच.

पुण्यास एका शल्यवैद्यांकडे गेलो. "आपण अशा किती केल्या?" असे भीतभीतच विचारले. त्यांनी राग मानला नाही. पाठीच्या स्नायूची शस्त्रक्रिया आपण नेहमी करतो, पोटाची क्वचित. ती हवी असल्यास मुंबईची नावे देतो, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. आमचा विश्वास त्या 'क्वचित' शब्दाने वाढला. लग्नाच्या आचाऱ्यास दहा प्रश्न विचारणारे आम्ही, डॉक्टरांच्या दारी मात्र पाटीवरील पदव्या वाचून गप्प बसत आलो!

वहिनींची शंका वेगळीच होती. "पाठीचा स्नायू गेल्यावर वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी मला काढता येईल ना?"

काही महिने जड जाईल, खांद्याचा व्यायाम नेमाने करावा लागेल, असे उत्तर मिळाले.

"मग यंदाचे लोणचे घालून झाल्यावरची तारीख द्या," त्या म्हणाल्या.