मानी गोंडोला

व्हेनिसची ही होडी अंगानं शेलाटी आणि नखशिखांत काळी. लांबी सुमारे ११ मीटर, रुंदी जेमतेम दीड मीटर. दोन्ही टोकं पाण्यावरून उचललेली आणि पुढच्या टोकाला धातूचं वळणदार पातं. त्या पात्याचे सहा दात म्हणजे व्हेनिसचे सहा विभाग आणि मागे वळलेला एक दात म्हणजे ज्युदेक्का बेट, असं तिथं सांगतात. मागच्या टोकावर उभ्या असलेल्या नावाड्याचं वजन तोलून धरायलाही हे पातं उपयोगी पडतं.

गोंडोला रिकामी असली की उजवीकडे कलते, कारण तिची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर जास्त रुंद असते. ही मुद्दाम केलेली घडण आहे. वल्हं एकच, वल्हवणारा एकच आणि तोही फक्त उजव्या बाजूनं वल्हवणार. सरळ अंगाची होडी अशानं गोल फिरत राहील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोमेनिको त्रामोंतिन या होडी बांधणाऱ्यानं तिला हा बाक कायमचा दिला. त्यामुळे अरुंद कालव्याच्या काटकोनी वळणावर आरोळी ठोकून एकटा माणूस तिला भिंतीला न घासता वळवून नेतो.

तिच्या काळ्या रंगामागे कायदा आहे. उमराव घराणी आपापल्या गोंडोला सजवण्यात एकमेकांवर कडी करू लागली, तेव्हा सोळाव्या शतकात व्हेनिसच्या राज्यानं या उधळपट्टीला आळा घातला. श्रीमंती मिरवायचं साधन म्हणून वाढलेली ही होडी तेव्हापासून सगळ्यांसाठी एकाच रंगाची झाली. त्या काळी शहरात अशा हजारो होड्या होत्या. बाजार, चर्च, लग्न, मयत, कुठंही जायचं तरी होडीच लागायची. मग १८८१ मध्ये वाफेवर चालणारी प्रवासी बोट आली. नावाड्यांनी संप केला, तरी ती बोट थांबली नाही. गोंडोलाचं रोजचं काम हळूहळू गेलं आणि हौशी प्रवाशांची फेरी तेवढी उरली. आज चारशेच्या आसपास नावाडी परवाना घेऊन ती चालवतात.

तिचं भाडं समजायचं तर हा इतिहास ध्यानात ठेवायला हवा. दर महापालिका ठरवते. नोव्हेंबर २०२३ पासून दिवसा ३० मिनिटांच्या फेरीला ९० युरो पडतात, त्याआधी ८० पडत. संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०. गाणारा-वाजवणारा सोबत हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. युरोपच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबं हा आकडा ऐकून थबकतात. अर्ध्या तासाला हजारो रुपये! पण हे भाडं होडीचं असतं, माणशी नव्हे. पाचजण बसले तर वाट्याला १८ युरो येतात, दोघंच असले तर ४५. पाचांच्या वर मात्र ती कुणाला घेत नाही. पूर्वी सहाजण बसायचे, २०२० मध्ये ही संख्या पाचावर आणली गेली.

एवढे पैसे कशाचे? आठ प्रकारचं लाकूड आणि २८० सुटे भाग जोडून ही होडी हातानं बांधावी लागते. वल्हं टेकवायचा खुंट अक्रोडाच्या लाकडाचा असतो. त्याला इतके खळगे-उंचवटे दिलेले असतात, की वल्ह्याची जागा बदलली की चाल बदलते. हा खुंट घडवणारे कारागीर वेगळे आणि मोजकेच. सान त्रोवाझोसारख्या जुन्या होडीशाळेत तिला अधूनमधून ओढून घ्यावं लागतं, तळाचं शेवाळ खरवडून पुन्हा रंगवावं लागतं. मोटारबोटींच्या लाटांचा मारा तिला दिवसभर सोसावा लागतो. भरतीचं पाणी फार चढलं की ठेंगण्या पुलांखालून ती जाऊ शकत नाही आणि त्या वेळची कमाई बुडते. नावाड्यालाही शिकून, परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. हा सगळा संसार त्या अर्ध्या तासावर चालतो.

म्हणून मला हे भाडं रास्त वाटतं. अंतराच्या हिशेबानं ते महागच आहे. कुठं पोचायचंच असेल तर प्रवासी बोट आहे. गोंडोलात बसणारा माणूस सुतार, लोहार आणि नावाडी यांची जुनी विद्या आणखी थोडे दिवस टिकावी म्हणून पैसे मोजतो, मग त्याच्या ते लक्षात येवो न येवो.

ज्याच्या खिशाला हे झेपत नाही, त्यालाही ती परकं मानत नाही. शहरातून जाणाऱ्या मोठ्या कालव्यावर पूल चारच आहेत. मधल्या काही धक्क्यांवर तिचीच थोरली, बिनसजावटीची बहीण माणसं पलीकडे पोचवते. तिला दोन नावाडी लागतात, फेरी काही मिनिटांची असते आणि पाहुण्याला भाडं २ युरो पडतं. स्थानिकांना त्याहून कमी. तेच पाणी, तीच वल्ही, तीच विद्या. व्हेनिसला गेलात तर ऐपतीप्रमाणे दोन्हींतली एक जरूर निवडा. मोठी फेरी घेणार असाल तर वेळ आणि दर आधी विचारून घ्या, पाचांची जुळणी करा आणि ठरलेलं भाडं पुरतं द्या. ज्या दिवशी तिला गिऱ्हाईक उरणार नाही, त्या दिवशी तो अक्रोडाचा खुंट घडवायला कुणी नवा हात शिकणार नाही.