मोतीबिंदूचं पॅकेज आणि ७२१ रुपये

आपल्या पिढीतल्या बहुतेकांचे आई-बाबा आता साठीच्या पुढे-मागे आहेत. त्यामुळे मोतीबिंदू हा विषय आज ना उद्या घरोघरी येणारच. आमच्याकडे तो गेल्या वर्षी आला, आईच्या उजव्या डोळ्यात. रात्री समोरून गाडी आली की दिव्याला पिसं फुटल्यासारखी दिसतात, असं ती म्हणायला लागली होती.

हैदराबादेत डोळ्यांच्या दवाखान्यांना तोटा नाही. आम्ही घराजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी नीट तपासलं, "पिकलाय, काढून घ्या" म्हणाले आणि पुढचं बोलायला काउन्सेलरकडे पाठवलं. तिनं टेबलावर लॅमिनेशन केलेला एक तक्ता ठेवला. पाच रकाने, पाच पॅकेजं, २४ हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. प्रत्येक रकान्यात भिंगाचं नाव, त्याचा देश आणि खाली बरोबरच्या खुणा. मधला रकाना जरा ठळक. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या वेबसाइटवरही असाच तक्ता असतो आणि मधला रकाना ठळक का असतो, हे मला चांगलं माहीत आहे.

मी विचारलं, "यातल्या कुठल्या पॅकेजनंतर किती जणांना किती दिसतं, याचे आकडे आहेत का?"

"सर, सगळ्यांनाच छान दिसतं. फरक क्वालिटीचा असतो."

आई हळूच म्हणाली, "मधलं घेऊ या रे. अगदी स्वस्तातलं नको. डोळा आहे तो."

"डोळा आहे" या दोन शब्दांपुढे कुणाचं काही चालत नाही. तरी मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. कंपनीत कुठल्या सर्व्हरवर महिन्याला किती खर्च झाला आणि त्यातून काय मिळालं, हे रुपयापर्यंत विचारायची आम्हाला सवय असते. मग आईच्या डोळ्याबद्दल तेवढं तरी विचारायला काय हरकत आहे? वाटलं होतं की असा हिशेब कुणी मांडलाच असेल तर तो अमेरिकेत. निघाला पुण्याचा.

पुण्यातल्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोतीबिंदूच्या दोन शस्त्रक्रियांची समोरासमोर तुलना केली. पहिली फेको. यात अगदी छोट्या छेदातून सुई आत घालतात, ध्वनिलहरींच्या कंपनांनी मोतीबिंदूचा चुरा करून तो ओढून घेतात आणि घडी घातलेलं भिंग आत सोडतात. लोक याला 'लेझरचं ऑपरेशन' म्हणतात, पण त्यात लेझर नसतो. दुसरी पद्धत हाताने करायची, डॉक्टरमंडळी तिला एसआयसीएस म्हणतात. छेद थोडा मोठा, सहा-सात मिलिमीटरचा, पण तो तिरक्या बोगद्यासारखा घेतात, त्यामुळे आपोआप मिटतो. म्हणजे रस्त्यावरच्या फलकांवर जे 'बिनटाक्याचं' म्हणून मिरवतात ते या स्वस्त पद्धतीतही बिनटाक्याचंच असतं. ही गोष्ट मला कुठल्याच फलकावर लिहिलेली दिसली नाही.

या चाचणीत ४०० रुग्ण होते. कुणाला कुठली शस्त्रक्रिया हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं होतं, म्हणजे डॉक्टरांच्या आवडीचा किंवा रुग्णाच्या खिशाचा प्रश्न उरला नाही. निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध झाले. कसोटी होती ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर. साध्या भाषेत, निरोगी डोळ्याला जे अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून तरी दिसायला हवं. सहा आठवड्यांनी, योग्य नंबरचा चष्मा लावून पाहिल्यावर, फेकोच्या ९८.४ टक्के रुग्णांना तेवढं दिसत होतं. हाताने केलेल्यांपैकी? ९८.४ टक्के.

२००७मध्ये याच मंडळींनी खर्चाचा लेख लिहिला. तो वाचताना मला खरं सांगायचं तर मजा आली, कारण कुणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. यंत्राची किंमत, दरवर्षी होणारी त्याची घसारा, वार्षिक देखभालीचा करार, झिजणारे सुटे भाग, घडीचं भिंग, सगळं वेगवेगळं मांडलेलं. एका फेको शस्त्रक्रियेचा रुग्णालयाला पडणारा सरासरी खर्च सुमारे १,९७९ रुपये. हाताने केलेल्या शस्त्रक्रियेचा ७२१. त्यातले जवळपास ४९६ रुपये इमारत वगैरेंचे, दोन्हींत सारखेच. ते वजा केले तर एकीकडे उरतात जवळपास १,४८३ आणि दुसरीकडे २२५.

हे आकडे घेऊन काउन्सेलरशी भांडायला जाऊ नका. ते वीसेक वर्षांपूर्वीचे आहेत, धर्मादाय रुग्णालयाचे आहेत आणि तो रुग्णालयाचा खर्च आहे, तुमचं बिल नव्हे. शिवाय यंत्र तेच असलं तरी ते दिवसाला चार ऑपरेशनं करतं की चाळीस, यावर एका डोळ्यामागचा खर्च ठरतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं सगळं गणित याच एका गोष्टीवर उभं आहे. डॉ. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अकरा खाटांवर ते सुरू केलं. तिथे सर्जनसमोर दोन टेबलं असतात. एका टेबलावरची शस्त्रक्रिया संपते तोवर दुसऱ्यावरचा रुग्ण तयार असतो, सर्जन फक्त वळतो. भिंगं परदेशातून शंभर डॉलरच्या घरात यायची, तर १९९२मध्ये त्यांनी स्वतःचा ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि तीच वस्तू काही डॉलरवर आणली.

पण पुण्याच्या पहिल्या लेखात आणखी एक आकडा आहे आणि माझं मन त्यापाशी अडकलं. चष्म्याशिवाय किंवा रुग्ण जसा आला तसा तपासला, तर सहा आठवड्यांनी फेकोचे ८१ टक्के रुग्ण ६/१८च्या कसोटीला उतरत होते आणि हाताने केलेले ७१ टक्के. मोठ्या छेदामुळे बुबुळाचा आकार किंचित बदलतो आणि नंबर राहतो. म्हणजे दोन्ही पद्धती सारख्या, पण चष्मा मिळाला तर. (नेपाळमध्ये २००७च्या अशाच एका चाचणीत सहा महिन्यांनी बिनचष्म्याचे आकडे उलटे आले होते, हाताने केलेले ८९ टक्के आणि फेको ८५. हात कुणाचा आहे, यालाही महत्त्व आहेच.)

आईसाठी हा फरक फारसा नव्हता. चष्म्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. आम्ही दुसरं पॅकेज घेतलं, फेको आणि भारतीय बनावटीचं साधं भिंग. तिला आता लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. तो तिला चाळीस वर्षांपासून लागतोच.

फरक पडणार होता तो आत्याला. ती नांदेड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून चौदा किलोमीटर आत राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ज्वारी निवडताना खडे हाताला लागतात तेव्हाच कळतात. दोन वर्षांत तालुक्याला मोफत शिबिरं झाली आणि ती एकदाही गेली नाही. घरात सगळे म्हणत, म्हातारी घाबरते. मी फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भीती कशाची रे? फुकट म्हणतात, पण तिथं दोन दिवस माझ्यापाशी कोण बसणार? सोयाबीन उभं आहे. पोरगा आला तर मजूर कोण बघणार? अन् मग परत दाखवायला जा, परत थेंब आणा."

तिला मी फोनवरच सगळा हिशेब विचारला आणि लिहून काढला. जीप, एसटी, सोबतच्या माणसाचं जेवण, त्याचे बुडालेले दोन दिवस, आठवड्यानंतरची फेरी, महिनाभराचे थेंब, दीड महिन्यानंतर चष्म्यासाठी आणखी एक फेरी. मोफत ऑपरेशन तिच्या घराला साडेतीन हजारांच्या पुढे पडत होतं, तेही पेरणी-काढणीच्या दिवसांत. मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं.

आत्या काही जगावेगळी नाही. मदुराईच्या आसपासच्या खेड्यांतला एक अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला होता. शिबिर गावाजवळ, तपासणी फुकट, तरी डोळ्यांची तक्रार असलेल्यांपैकी सात टक्केही लोक तिथे पोचत नव्हते. कारणांमध्ये भीती होती, तसाच खर्च आणि घरच्या जबाबदाऱ्याही होत्या. अरविंदचं कौतुक हे की त्यांनी हा आकडा लपवला नाही. शिबिरं वाढवण्यावर न थांबता त्यांनी खेड्यांत कायमची छोटी दृष्टिकेंद्रं काढली. तिथे प्रशिक्षित मुलगी डोळे तपासते, शहरातला डॉक्टर स्क्रीनवरून बोलतो आणि चष्मा तिथेच मिळतो. आमच्या हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेनंही तळाशी अशीच दृष्टिकेंद्रं ठेवून वर रुग्णालयं, असा पिरॅमिड बांधला आहे.

पुण्याचा ७२१ रुपयांचा आकडा आणि मदुराईचा सात टक्क्यांचा आकडा शेजारी ठेवले की माझ्या मते एकच गोष्ट दिसते. शस्त्रक्रिया स्वस्त करण्याचं काम आपल्या डॉक्टरांनी कधीच केलंय. महाग राहिलाय तो गावापासून टेबलापर्यंतचा आणि टेबलापासून चष्म्यापर्यंतचा रस्ता. तो कुठल्याच पॅकेजच्या तक्त्यात नसतो.

म्हणून आम्ही चुलतभावंडांनी आत्याला "ऑपरेशनला पैसे देतो" म्हटलं नाही, कारण ऑपरेशन फुकटच होतं. गाडी ठरवली, दोन दिवसांच्या मजुराचे पैसे दिले, थेंबांच्या बाटल्या इथून पाठवल्या. माझी मोठी चुलतबहीण नांदेडला राहते, आत्या आठवडाभर तिच्याकडे राहिली. ऑपरेशन एका धर्मादाय रुग्णालयात झालं, हाताने केलेलं. दीड महिन्यानं नंबर काढायला न्यायचं तेवढं मात्र सगळे विसरणार, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे तारीख कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, आदल्या दिवशी पुन्हा टाकली आणि सकाळी भाच्याला फोन केला.

चष्मा मिळाला. आता ज्वारी ती स्वतः निवडते आणि सूनबाईच्या निवडण्यात राहिलेले खडे मोजून दाखवते, अशी तक्रार सूनबाईनं आमच्याकडे केली आहे. दुसऱ्या डोळ्याचं विचारलं तर म्हणते, "सोयाबीन निघू दे."