ॲबटसाहेबांची निवृत्ती

पाद्री निवृत्त झाला की करतो काय? मामलेदार पेन्शनीत निघतो, मास्तर शिकवण्या धरतो. पाद्र्याची सारी हयात बोलण्यात गेलेली असते, आणि रविवारी सकाळी बोललेलं रविवारच्या जेवणापर्यंतसुद्धा लोकांच्या ध्यानात राहत नाही, हे त्याच्याइतकं दुसरं कोण जाणणार?

जस्टिन एडवर्ड्स ॲबट हे नाव मला रद्दीवजा जुन्या पुस्तकांच्या दुकानात भेटलं. मोतीलाल बनारसीदासने पुन्हा छापलेलं ‘स्टोरीज ऑफ इंडियन सेंट्स’. नावावरून वाटलं, परदेशी पाहुण्यांसाठी काढलेलं काहीतरी गुळगुळीत पुस्तक असेल. उघडलं तर आत आपल्या संतचरित्रकार महिपतींचा भक्तविजय! निवडक वेचे नव्हेत; गणेशवंदनेपासून 57 अध्याय, अध्यायाशेवटच्या फलश्रुतीसकट. गद्य इंग्रजीत, पण मध्येमध्ये कंसात ओवीचा आकडा दिलेला. म्हणजे ज्याला शंका येईल त्याने पोथी काढावी आणि ताडून बघावं. आजीच्या पोथीतल्या ओव्या अशा गिरणीतल्या कामगारांसारख्या बिल्ले लावून उभ्या राहिलेल्या बघताना प्रथम हसू आलं. मग मी तिथेच स्टुलावर बसून नामदेवाचा अध्याय वाचू लागलो आणि दुकानदाराने दोनदा घड्याळ पाहिलं.

ॲबट 1853 साली अमेरिकेत जन्मले. वडील अमोस ॲबट नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे, त्यामुळे पोराच्या बालपणाची काही वर्षं इकडेच गेली. मराठी त्यांना व्याकरणातून शिकावी लागण्याआधीच कानावर पडली असणार. पुढे डार्टमथला आणि न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत शिकून, पाद्री होऊन ते मुंबईला परतले आणि जवळजवळ तीस वर्षं मिशनच्या कामात राहिले. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या संपादनात त्यांचा हात होता. ताम्रपट आणि जुनी नाणी यांचाही नाद होता. 1910च्या आसपास ते मायदेशी गेले आणि न्यू जर्सीतल्या समिट या गावी स्थायिक झाले.

या तीस वर्षांबद्दल मला फारसं कुतूहल नाही. मिशनऱ्यांचं काम, त्यावरचे वाद, त्यांच्या शाळा नि दवाखाने यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला ओढ आहे ती नंतरच्या काळाची. सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा, बाहेर अमेरिकेतला हिवाळा, आणि टेबलावर महिपतीबुवा ताहराबादकर! 1926 साली ‘भानुदास’ निघालं, 1927 साली ‘एकनाथ’. मग भिक्षुगीत, दासोपंत, बहिणाबाई, स्तोत्रमाला, 1930 साली ‘तुकाराम’, 1932 साली ‘रामदास’. ‘महाराष्ट्राचे संतकवी’ अशा अर्थाची ही माला. लिहिणारा समिटला आणि छपाई पुण्यात. हस्तलिखितं नि मुद्रितं सगळी बोटीने ये-जा करणार. आज आपण ईमेलला दोन दिवस उत्तर आलं नाही तर कावतो.

महिपती निवडले, यातच या माणसाची पारख दिसते. इंग्रजीत न्यायला तुकोबांचे अभंग सोयीचे होते, आणि फ्रेझर आणि मराठे या जोडीने ते काम आधी केलंही होतं. महिपतींचं तसं नाही. त्यांच्याकडे देव जनाबाईबरोबर दळतो, एकनाथांच्या घरी पाणी भरतो, भिंत चालते, रेडा वेद बोलतो. सेमिनरीत शिकलेल्या माणसाने इथे नाक मुरडायला हवं होतं, निदान तळटीपेत तरी. ॲबट तसं करत नाहीत. महिपती सांगतात तसं सांगतात आणि पुढच्या ओवीकडे वळतात. यात मिशनऱ्याचा हेतू काय, समोरच्याला ओळखून मग खोडून काढायचं होतं का, हा संशय मलाही आला. पण खोडायला निघालेला माणूस फलश्रुतीचं भाषांतर करत बसत नाही.

महिपतींची एक आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. ते ताहराबादचे कुलकर्णी. पूजेला बसले असताना जहागीरदाराच्या कचेरीतून बोलावणं आलं, तेव्हा काम उरकून त्यांनी लेखणी खाली ठेवली, ती पुन्हा संतचरित्रांसाठीच उचलली. म्हणजे एका परीने तेही निवृत्तच.

आता या मालेतली बहिणाबाई. शिऊरची, तुकोबांना गुरू मानणारी. कोल्हापुरात ती जेमतेम अकरा वर्षांची असते, नवरा तिशी उलटून कितीतरी पुढे गेलेला. दान मिळालेल्या कपिला गाईचं वासरू तिच्या मागे लागतं. तिच्या हातचंच खातं-पितं, जयरामस्वामींच्या कीर्तनालाही बरोबर जातं. गर्दी झाली म्हणून एकदा लोक त्याला बाहेर काढतात. ते हंबरू लागतं, ही रडू लागते. स्वामी त्याला आत आणवतात आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवतात. ही वार्ता घरी पोचते आणि नवरा बहिणाबाईला मरेस्तोवर मारतो. गाय-वासरू चाऱ्याला तोंड लावत नाहीत. पुढे वासरू जातं.

हा प्रसंग मी ॲबटांच्या इंग्रजीत वाचला तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. मार तसाच येतो, वासराचं मरण तसंच येतं. हिंदू नवऱ्याच्या जुलमावर चार वाक्यं टाकायची इतकी आयती संधी, आणि पाद्रीबोवा गप्प. ज्याने जन्मभर उपदेश केला त्याला हे गप्प बसणं केवढं अवघड गेलं असेल!

भाषांतर रुक्ष आहे, हे कबूल करायलाच हवं. ओवीची चाल गेली, यमकं गेली, आजीचा घोगरा स्वर तर येणारच नव्हता. काही वाक्यं इतकी शब्दशः आहेत की मराठी येत नसलेल्या वाचकाला ती अडखळवत असतील. पण सजवलेल्या भाषांतरात महिपतींपेक्षा ॲबटच जास्त दिसले असते.

जून 1932 मध्ये ते समिटला वारले. भक्तविजय तेव्हा पुस्तकरूपाने यायचा होता. तो 1933 पासून पुण्याहून निघाला, मुखपृष्ठावर ॲबटांबरोबर पंडित नरहर गोडबोले यांचं नाव घेऊन. 1935 साली महिपतींच्याच भक्तलीलामृताचे, आधीच्या पुस्तकांत न आलेले, उरलेले अध्याय आले, त्यात जे. एफ. एडवर्ड्स हे तिसरं नाव जोडलं गेलं. अमेरिकेत, युरोपात महाराष्ट्राच्या संतांवर अभ्यास करणारा विद्यार्थी आजही या पुस्तकांपाशी येऊन पोचतो.

आपल्याकडे मात्र ॲबटांचं धड चरित्र मराठीत माझ्या पाहण्यात आलेलं नाही. कोणीतरी ते लिहावं. तोवर परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना, ज्यांना पोथी वाचता येत नाही, त्यांना ‘बहिणाबाई’ आधी द्या, ‘तुकाराम’ नंतर. आणि कंसातले आकडे कशासाठी आहेत ते सांगायला विसरू नका.