हृदयाच्या अलीकडे

शस्त्रक्रियेत मुलीच्या लहान मेंदूतली गाठ निघाली, पण तपासणीत मेड्युलोब्लास्टोमा निघाला. हा कर्करोग मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून पसरतो; त्यामुळे आख्ख्या मेंदूला आणि पाठीच्या कण्याला ‘लाइट’, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागणार होती. आठ वर्षांचं पोर ते! माझे हातपाय गळाले.

खारघरला टाटाच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ कर्करोग केंद्रात डॉक्टरांनी पडद्यावर दोन आराखडे शेजारी लावले. पहिल्यात एक्स-रे पाठीतून शिरून कण्याशी थांबत नव्हते. हृदय, फुप्फुसं, आतडी यांना मात्रा देत पुढून बाहेर पडत होते. दुसरा प्रोटॉनचा. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथेच थांबतो. या गुणाचा उपचारासाठी उपयोग करावा, हे रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञानं १९४६ मध्येच सुचवलं होतं. त्या आराखड्यात हृदयाची जागा जवळजवळ कोरी होती.

“आणि मेंदूचं काय?” मी विचारलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आख्ख्या मेंदूलाच मात्रा द्यायची असल्यानं तिथे प्रोटॉनही मेंदूला वाचवू शकणार नव्हता. उंची, हार्मोन्स, शाळेतला अभ्यास, सगळ्यावर पुढे कितीतरी वर्षं लक्ष ठेवावं लागणार होतं.

गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर ताणून तिचा मास्क बनवला. मग सोमवार ते शुक्रवार रोजची फेरी. प्रोटॉनना वेग देणाऱ्या एकाच सायक्लोट्रॉनमधून बीम आळीपाळीने खोल्यांमध्ये येई, त्यामुळे वाट पाहावी लागे. त्याहून जास्त वेळ जाई तिला नेमकं झोपवण्यात. मिलिमीटरचाही फरक चालत नसे. मला आत थांबता येत नसे. तंत्रज्ञ ताई कॅमेऱ्यातून तिला बघत, माइकवरून तिच्याशी बोलत. केस गेले, रक्तपेशी उतरल्या, मळमळ झाली.

या उपचाराचं खरं माप आज दिसत नाही. तिशी-चाळिशीत तिचं हृदय धडधाकट असावं, यासाठी तो आहे. सगळ्याच कर्करोगांना प्रोटॉन लागत नाही, आणि गाठीवर तो काही जादू करत नाही. म्हणून मुलाला रेडिएशन सांगितलं असेल, तर डॉक्टरांना दोन्ही आराखडे दाखवायला सांगा. कुठला अवयव वाचतो, कुठला नाही, ते बोट ठेवून विचारा. खर्चाच्या धास्तीनं गप्प बसू नका. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. वाढत्या वयाच्या मुलासाठी कुठला अवयव वाचेल, हा प्रश्न उपचार सुरू होण्याआधीच विचारायला हवा.